सुट्या चिपांचे डिजिटल घड्याळ : मोजणीचा एक धडा

(इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांनी व विश्वस्तांनीही वाचावा.)



डिजिटल घड्याळ आज बाजारात स्वस्तात मिळते. मोबाइलमध्ये तर ते आयतेच असते. मग ते स्वतः जोडण्याची खटपट कशासाठी, असे तुम्ही विचाराल. विकतचे घड्याळ उघडून पाहा. आत एका काळ्या ठिपक्याखाली सारे काही लपलेले असते. ते चालते एवढेच आपल्याला कळते, कसे चालते ते कळत नाही. सुट्या चिपांचे घड्याळ टेबलभर पसरते, पण त्यातली प्रत्येक पायरी बोट ठेवून दाखवता येते. म्हणून आम्ही हा पाठ देत आहोत.

पाठाचे सार आधीच सांगतो. घड्याळ म्हणजे मोजणी. त्यात तीनच कामे असतात. एकाने ठरावीक अंतराने ठोका द्यायचा, दुसऱ्याने तो मोजायचा आणि तिसऱ्याने मोजलेला आकडा दाखवायचा. आपल्याकडे पूर्वी लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र वापरत. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटी झाली, म्हणजे २४ मिनिटे. वाटी ठोका देई आणि मोजणी माणूस करी. आपल्या घड्याळात मोजणीचे काम चिपा करतील, एवढाच फरक.

१. ठोका कोणाकडून घ्यायचा?

आजोबांच्या एचएमटी जनता घड्याळात चाक मागेपुढे हलते आणि सेकंदाला ५ ठोके पडतात. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सेकंदाची आजची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. कोणताही ठोका चालतो. तो एकसारखा पडला पाहिजे, ही एकच अट.

वीज घरातच आहे, तर तिचीच ५० आवर्तने मोजून १ सेकंद का करू नये? अनेक देशांत अशी घड्याळे पूर्वी सर्रास वापरत, आणि आपल्याकडेही हौशी मंडळी असे परिपथ जोडत. पण आपल्या सीमाभागात या पद्धतीची एक मोठी गंमत होती, ती समजून घेण्यासारखी आहे.

विजेची वारंवारता घरापुरती किंवा गावापुरती नसते. एका ग्रिडला जोडलेली सर्व जनित्रे एकाच तालात फिरतात, म्हणून त्या ग्रिडमध्ये सगळीकडे वारंवारता एकच असते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की सगळी जनित्रे मिळून किंचित मंदावतात व वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली येते. कर्नाटक दक्षिण ग्रिडमध्ये होते आणि महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये. दोन्ही ग्रिडमध्ये विजेची देवाणघेवाण होई, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज आधी एकदिश करून मगच पलीकडे दिली जाई. त्यामुळे दोन्हींचा ताल वेगळा राही.

आता कल्पना करा. त्या काळात निपाणीत एक आणि कागलला एक अशी विजेच्या ठोक्यावर चालणारी दोन घड्याळे सकाळी बरोबर मिळवून ठेवली. गावे एकाच रस्त्यावर, सूर्य तोच, घड्याळांचा परिपथही तोच. तरी रात्रीपर्यंत दोन्ही घड्याळे वेगळी वेळ दाखवू लागली असती, कारण एकाला ठोका दक्षिण ग्रिड देत होते आणि दुसऱ्याला पश्चिम ग्रिड. टंचाईच्या दिवसांत दक्षिण ग्रिडची वारंवारता मागणीच्या वेळी ४९ हर्ट्झच्याही खाली जात असे. दिवसभर ती ४९ राहिली असे धरले, तर घड्याळ २ टक्के मागे पडेल. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांचे २ टक्के म्हणजे १,७२८ सेकंद. एका दिवसात जवळजवळ २९ मिनिटे!

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी जोडले गेले. त्या दिवसापासून हेस्कॉमच्या आणि महावितरणच्या तारांतला ताल एकच झाला. वारंवारताही आता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. तरीही दिवसभर ४९.९५ राहिली, तर घड्याळ ८६ सेकंद मागे पडते. शिवाय वीज गेली की ठोकाच बंद.

आणि एक कारण सर्वांत महत्त्वाचे. विजेचा ठोका घ्यायचा तर भिंतीतल्या २३० व्होल्टजवळ हात न्यावा लागतो. शाळेच्या टेबलावर आम्हाला ते मुळीच नको. म्हणून आपण स्फटिक घेऊ.

२. पंधरा वेळा निम्मे

३२,७६८ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. त्याला निम्मे करत जा : १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. म्हणजे २ चा १५ वा घात ३२,७६८. निम्मे करणे हे चिपांना सर्वांत सोपे काम आहे, म्हणून घड्याळाचा स्फटिक एवढ्याच कंपनांचा बनवतात.

निम्मे कसे होते? बटणाचे बॉलपेन घ्या. एकदा दाबले की टोक बाहेर येते, पुन्हा दाबले की आत जाते. तुम्ही १० वेळा दाबले तर टोक ५ वेळाच बाहेर येते. दाबणे निम्मे झाले. चिपमधला हाच बॉलपेन म्हणजे फ्लिप-फ्लॉप. त्याला दोनच अवस्था ठाऊक असतात, ० आणि १, आणि पुढचा ठोका येईपर्यंत आपली अवस्था तो लक्षात ठेवतो.

४०६० या चिपमध्ये असे १४ फ्लिप-फ्लॉप एकामागे एक आहेत. स्फटिक चालवण्याची सोयही तिच्यातच आहे. १४ वेळा निम्मे झाल्यावर तिच्या ३ क्रमांकाच्या पिनेवर सेकंदाला २ स्पंद मिळतात. पंधरावे निम्मे करायला ७४७४ ही दुसरी चिप लावायची. सेकंदाला १ स्पंद, हा झाला आपला ठोका.

३. मोजणी आणि हातचा

आता चार बॉलपेन ओळीत ठेवा. नियम एकच : आधीच्या पेनचे टोक आत गेले की पुढच्या पेनचे बटण एकदा दाबायचे. पहिल्या पेनची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८. ज्यांची टोके बाहेर आहेत त्यांच्या किमतींची बेरीज करा. पहिले पेन तीन वेळा दाबले की पहिले व दुसरे बाहेर असतील, १ + २ = ३. पाच वेळा दाबले की पहिले व तिसरे, १ + ४ = ५. द्विमान पद्धती एवढीच आहे. वर्गात पेनांऐवजी चार मुले ओळीने उभी करून हाच खेळ घ्यावा. शेजारी खाली बसला की मगच आपली अवस्था बदलायची, हे लहान मुलेही पटकन शिकतात.

चार पेने १५ पर्यंत मोजू शकतात. आपल्याला ९ नंतर ० हवा. ७४९० या चिपमध्ये चार फ्लिप-फ्लॉप आणि ९ नंतर ० वर आणणारी व्यवस्था आधीच केलेली आहे. म्हणून तिला दशक-गणक म्हणतात. ९ वरून ० वर येताना तिची ८ किमतीची पिन १ वरून ० होते. ही घसरणच पुढच्या चिपला ठोका म्हणून द्यायची. बेरजेत आपण हातचा घेतो, तोच हा हातचा.

निपाणीच्या बाजूला विड्या वळणाऱ्या घरांतल्या मुलांना हे निराळे सांगायला नको. हजार विड्यांवर मजुरी असली तरी हजारपर्यंत कोणी एकेक मोजत नाही. २५ चा कट्टा बांधला की हात पुन्हा एकपासून सुरू करतो आणि कट्ट्यांची मोजणी एकाने वाढते. ४० कट्टे झाले की हजार. कट्टा बांधणे म्हणजेच हातचा देणे आणि शून्यावर येणे. आपला गणक २५ ऐवजी १० ला कट्टा बांधतो, एवढेच.

४. सहाला थांबायचे कसे?

सेकंद ५९ नंतर ०० होतात. म्हणजे एकक स्थानाने ९ पर्यंत आणि दशक स्थानाने ५ पर्यंतच मोजायचे. दशकाची ७४९० चिप ६ वर पोहोचताच तिला शून्यावर आणावे लागेल. ६ म्हणजे २ + ४. या दोन पिना एकाच वेळी १ झाल्या की ६ झाला. ० ते ५ मध्ये या दोन्ही एकत्र कधीच १ नसतात, हे मांडून पाहा. ७४९० ला शून्यावर आणणाऱ्या दोन पिना असतात आणि दोन्हींवर १ आला तरच ती शून्यावर येते. म्हणून २ ची पिन एकीला आणि ४ ची पिन दुसरीला जोडायची. दोन तारांत काम झाले! ६ हा आकडा क्षणाच्या अत्यंत लहान भागापुरता येतो आणि जातो, डोळ्यांना दिसतच नाही. शून्यावर येताना ४ ची पिन घसरते. तीच मिनिटांच्या एककाला ठोका देते.

मिनिटांची जोडणी सेकंदांसारखीच.

तासांसाठी आपण रेल्वेसारखी २४ तासांची पद्धत घेऊ. येथे दोन्ही चिपा मिळून २४ ला शून्यावर याव्यात. दशकात २ आणि एककात ४ आले की २४. म्हणून दशकाची २ ची पिन आणि एककाची ४ ची पिन, या दोन तारा दोन्ही चिपांच्या शून्य-पिनांना जोडायच्या. १२ तासांचे घड्याळ करणे अधिक अवघड आहे, कारण तेथे १२ नंतर ० न येता १ येतो. ते पुढच्या वर्षीसाठी ठेवू.

५. आकडा दिसतो कसा?

सात दिव्यांच्या रेघांनी ८ चा आकार बनतो. त्यातल्या काही रेघा विझवल्या की इतर आकडे मिळतात. कोणत्या आकड्याला कोणत्या रेघा लावायच्या हे ७४४७ या चिपला ठाऊक असते. तिला १, २, ४, ८ च्या चार तारा द्यायच्या, ती सात तारा बाहेर देते. ही चिप रेघेला ऋण बाजूला ओढून पेटवते, म्हणून डिस्प्ले धन बाजू सामाईक असलेलाच घ्यावा, उदा. एलटी ५४२. एलटी ५४३ वेगळा असतो, दुकानात तपासून घ्या.

एक सूचना. ७४४७ चा ६ डोक्यावरच्या आडव्या रेघेशिवाय आणि ९ तळाच्या रेघेशिवाय दिसतो. चिप बिघडली असे समजून परत करायला जाऊ नका, तिची घडणच तशी आहे.

६. साहित्य

• ४०६० चिप १, ७४७४ चिप १, ७४९० चिपा ६, ७४४७ चिपा ६ (एकूण १४ चिपा. शेवटच्या तिन्ही प्रकारांत खरेदी करताना ७४एलएस हा गट मागावा)
• एलटी ५४२ डिस्प्ले ६
• ३२,७६८ हर्ट्झचा घड्याळाचा स्फटिक १, २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर २, १० मेगओहमचा व ३३० किलोओहमचा रेझिस्टर प्रत्येकी १
• ३३० ओहमचे रेझिस्टर ४२ (प्रत्येक रेघेला एक)
• ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर १४ (प्रत्येक चिपजवळ एक)
• एक साधा एलईडी व १ किलोओहमचा रेझिस्टर
• दुहेरी स्विच २ (वेळ लावण्यासाठी), ब्रेडबोर्ड ४ ते ५, जोडतारा
• ५ व्होल्ट, १ अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर

या चिपा जुन्या धाटणीच्या आहेत, पण मिळतात. बेळगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत विचारा. तेथे न मिळाल्यास पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. कोणी नातेवाईक त्या बाजूला जात असेल तर यादी हातात द्यावी. चिपांवर क्रमांक इंग्रजी अंकांत छापलेले असतात.

७. जोडणी : सहा तासिकांत

पहिली तासिका. फक्त ४०६०. पिन १६ ला +५ व्होल्ट, पिन ८ व १२ ऋण बाजूला. १० मेगओहमचा रेझिस्टर पिन १० व ११ च्या मध्ये. स्फटिकाचा एक पाय पिन ११ ला, दुसरा पाय ३३० किलोओहममधून पिन १० ला. स्फटिकाच्या दोन्ही पायांवरून २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर ऋण बाजूला. या तारा शक्य तितक्या आखूड ठेवा. पिन ३ वर १ किलोओहममधून एलईडी लावून पाहा. सेकंदाला दोनदा मंद लुकलुकला की जिंकलो. मग तो काढून घ्या, या चिपची ताकद कमी असते.

दुसरी तासिका. ७४७४ जोडा. पिन १४ ला +५, पिन ७ ऋण. पिन १ व ४ ला +५. पिन २ व ६ एकमेकींना. ४०६० ची पिन ३ येथे पिन ३ वर आणा. पिन ५ वर आपला ठोका मिळतो. +५ व्होल्टपासून १ किलोओहम व एलईडी पिन ६ ला जोडला की दर सेकंदाला तो एकदा पेटतो.

तिसरी तासिका. सेकंदांचे एकक. ७४९० मध्ये पिन ५ ला +५ आणि पिन १० ऋण. सर्वसाधारण चिपांत या जागा कोपऱ्यांत असतात, येथे नसतात. हे विसरल्याने चिपा जळतात, म्हणून वीज देण्याआधी शेजारच्या गटाने तपासावे असा आमचा नियम आहे. पिन १२ पिन १ ला जोडा. पिन ६ व ७ ऋण. एककाला पिन २ व ३ सुद्धा ऋण. ठोका पिन १४ ला. किमतींच्या पिना अशा : १ ची पिन १२, २ ची पिन ९, ४ ची पिन ८, ८ ची पिन ११. त्या अनुक्रमे ७४४७ च्या पिन ७, १, २, ६ ला न्या. ७४४७ ला पिन १६ वर +५, पिन ८ ऋण, पिन ३ व ५ ला +५. तिच्या पिना १३, १२, ११, १०, ९, १५, १४ अनुक्रमे ए ते जी या रेघांच्या. प्रत्येक रेघेला स्वतंत्र ३३० ओहम हवा. सामाईक पिनेला एकच रेझिस्टर लावला तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसतो.

चौथी तासिका. सेकंदांचे दशक. सारे तसेच, फक्त पिन ९ पिन २ ला आणि पिन ८ पिन ३ ला जोडा. एककाची पिन ११ येथे पिन १४ ला. आता ०० ते ५९ चालले पाहिजे.

पाचवी तासिका. मिनिटे. सेकंदांच्या दशकाची पिन ८ मिनिटांच्या एककाकडे. येथे एक दुहेरी स्विच घाला. स्विच एका बाजूला असता हातचा येईल, दुसऱ्या बाजूला असता थेट सेकंदाचा ठोका येईल आणि मिनिटे भराभर पुढे जातील. वेळ लावायची ती अशीच.

सहावी तासिका. तास. तासांच्या एककालाही स्विच लावा. तासांच्या दोन्ही चिपांची पिन २ दशकाच्या पिन ९ ला आणि दोन्हींची पिन ३ एककाच्या पिन ८ ला.

आकडे मध्येच उड्या मारत असतील तर बहुतेक वेळा दोष मोजणीत नसून विजेत असतो. प्रत्येक चिपजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आहे ना, मोकळी राहिलेली एखादी पिन आहे का, ते पाहा. मोकळी पिन म्हणजे शून्य, असे कधीही समजू नका.

८. घड्याळ मिळवायचे कोणाशी?

येथवर घड्याळ मोजू लागते, पण कोणत्या क्षणापासून मोजायचे हे त्याला माहीत नसते. ते आपण सांगायचे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे व ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने त्यानंतरही अनेक दशके प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ पाळली. आज दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर ही प्रमाणवेळ सांभाळते. आकाशवाणीचे ठोके किंवा मोबाइलची वेळ पाहून आपण मिळवून घेतो.

बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर आहे. फरक ८ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३२ मिनिटे. आपल्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटांनी. पृथ्वीच्या कक्षेमुळे व आसाच्या कलामुळे फेब्रुवारीच्या मध्याला तो १२.४६ च्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१६ च्या सुमारास माथ्यावर येतो. शाळेच्या मैदानावर काठी उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ आपल्याच घड्याळावर नोंदवा, हे पडताळून पाहता येईल.

घड्याळ किती काळ बरोबर राहील? सामान्य स्फटिकात दहा लाखांत २० इतकी चूक असू शकते. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५० सेकंद. महिन्यातून एकदा मिळवले की पुरे. वीज गेल्यास मात्र हे घड्याळ सारे विसरते. मोठ्या मुलांनी बॅटरीची जोड द्यावी. त्या वेळी ७४४७ ची पिन ४ ऋण केली की डिस्प्ले विझतात, मोजणी मात्र चालू राहते आणि बॅटरी वाचते.

९. पालक व विश्वस्तांसाठी दोन शब्द

आपल्या मराठी शाळेतली बरीच मुले दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाला जातात. तेथे फ्लिप-फ्लॉप, काउंटर, डिकोडर हे शब्द इंग्रजीतून एकदम अंगावर येतात आणि हुशार मुलगाही वर्गात गप्प बसतो. आम्हाला वाटते, ही भीती विषयाची नसते, ती अनोळखीपणाची असते. ज्या मुलीने आपल्या भाषेत विचार करून दोन तारांनी गणक सहाला थांबवला आहे, तिला तोच काउंटर इंग्रजीत भेटला तरी ती त्याला ओळखेल.

ब्रेडबोर्डवर झाळकाम नसते, त्यामुळे तेच साहित्य दरवर्षी नव्या तुकडीला वापरता येते. विश्वस्तांनी साहित्याचा एक संच, एक टेबल आणि आठवड्याला एक तासिका द्यावी, एवढीच आमची विनंती आहे. पालकांनी घरातले जुने पण चालू चार्जर पाठवावेत. वडगाव-शहापूरकडचे माग चालवणारे, मोटार-रेडिओ दुरुस्त करणारे पालक एखादी तासिका मुलांबरोबर बसले तर फार बरे होईल. यंत्राचा दोष कानाने व हाताने शोधण्याची त्यांची रीत पुस्तकात मिळत नाही.

१०. स्वाध्याय

१. एका स्फटिकातून सेकंदाला ३२,७६८ ऐवजी ३२,७६९ स्पंद येतात. घड्याळ पुढे जाईल की मागे? दिवसाला किती?

२. २५ ला कट्टा बांधणारा गणक दोन ७४९० चिपांतून करायचा आहे. कोणत्या किमतींच्या पिना शून्य-पिनांना जोडाव्या लागतील? शून्य-पिना दोनच आहेत, मग अडचण कोठे येते?

३. देवनागरी ० ते ९ पैकी कोणते अंक सात रेघांत ओळखू येतील असे काढता येतात? कागदावर करून पाहा.

४. २४ सेकंदांचे १ पळ, ६० पळांची १ घटी, ६० घटींचा १ दिवस. आपल्या घड्याळात ६०, ६० आणि २४ असे तीन गट आहेत. २४ चा गट शेवटून काढून सर्वांत आधी आणला तर घड्याळ काय दाखवील? गुणाकार करून पाहा आणि उत्तर आजी-आजोबांना समजावून सांगा. त्यासाठी एकही नवी चिप लागणार नाही.